काटकसर घरातली, आधार शेजाराचा

(एका नागरी वस्तीतील कुटुंब मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पणजीतील एका शिक्षणसंस्थेचे नाव ‘मुष्टिफंड’ असे आहे. गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता असताना, १९०८ साली ती उभी राहिली. मुलांना मायबोलीतून शिकवायचे तर परकीय सरकारच्या तिजोरीकडे पाहण्यात अर्थ नव्हता आणि धनिकांच्या देणगीचा भरवसा नव्हता. मार्ग निघाला तो स्वयंपाकघरातून. घरातील गृहिणीने भातासाठी तांदूळ घेताना त्यातील एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकावी, आणि साठलेले ते तांदूळ शाळेच्या कामी यावेत, अशी ही योजना. सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हीच रीत घरोघरी नेली. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत. त्या पंगतीसाठी मुठीमुठीने धान्य गोळा होई. ते अपुरे पडले तेव्हा लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांनी अंगावरील दागिने मोडले. मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही, हे सर्वश्रुत आहे.

या मुठीची एक खुबी सहसा लक्षात येत नाही. ती शिजवण्यापूर्वी काढली जाई. जेवणे आटोपल्यावर भांड्यात जे उरते ते दाराशी आलेल्याला द्यावे, ही आपली नेहमीची सवय. त्यात दयाबुद्धी असते, पण हिशेब नसतो. आधीच काढलेल्या मुठीत मात्र हिशेब असतो. आज आपल्या घरात एक मूठ कमी शिजणार आहे, हे गृहिणीला ठाऊक असते आणि तेवढ्याने घर उपाशी राहणार नाही, हेही तिने मनाशी मोजलेले असते. कंजूष मनुष्यही पै-पै राखतो, काटकसरी माणूसही राखतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. कंजुषाच्या घरी पाहुणा आला की त्याचा जीव कासावीस होतो. काटकसरी घरातील बाई डब्यात मागे ठेवलेले मूठभर पोहे काढते. आपल्याकडे या दोहोंची फार गल्लत होते. विशेषतः घरात चार पैसे खेळू लागल्यापासून काटकसर हा शब्दच दारिद्र्याची खूण वाटू लागला आहे.

महाराष्ट्रात सत्तरीच्या घरात असलेल्या पिढीला बहात्तरचा दुष्काळ वेगळा सांगावा लागत नाही. आधीची दोन वर्षे पावसाने ओढ दिलेलीच होती. १९७२ च्या पावसाळ्याने पुरते तोंड फिरवले. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने विकली गेली, हाती नांगर असलेला शेतकरी खडी फोडायला बसला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास पोहोचली होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी ही कामे. कामावरच्या मुलाबाळांना सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी जिभेला रुचत नसे. पण तिने जीव जगवले. याच अनुभवातून रोजगार हमीची कल्पना राज्यभर रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. वि. स. पागे यांचे नाव त्या संदर्भात कृतज्ञतेने घेतले जाते, ते योग्यच आहे.

सरकारने काम दिले, ही गोष्ट मोठीच. परंतु कामाचा दिवस आणि चुकाऱ्याचा दिवस यांच्यामध्ये जे अंतर पडे, ते सरकारी कागदावर दिसत नाही. ते अंतर शेजाराने भरून काढले. चुकारा होईपर्यंत शेरभर पीठ उसने द्यायचे, पाण्याचा एक हंडा म्हाताऱ्या माणसाच्या घरी आधी टाकायचा, दोन-चार घरच्या तान्ह्या मुलांपाशी एकीने थांबायचे आणि बाकीच्यांनी खडीवर जायचे. यासाठी कोणी समिती नेमली नव्हती. गावगाड्यात इर्जिक होती, सावड होती. एखाद्याचे शेत नांगरायचे राहिले तर साऱ्यांनी आपापली अवजारे घेऊन एका दिवसात ते उरकायचे, घरधन्याने जेवण घालायचे. ही सवय अंगवळणी असलेल्या समाजाला आपत्तीत निराळे काही शिकावे लागले नाही.

मात्र काटकसर म्हणजे मुकाट्याने सोसत बसणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. त्याच सुमारास मुंबईत तेल, साखर, रॉकेल मिळेनासे झाले तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने गृहिणींनी लाटणी हाती घेऊन मोर्चे काढले. त्यांची राजकीय मते सर्वांना पटतील असे नाही. पण जी बाई घरात तेलाचा थेंब मोजून वापरते, तिलाच साठेबाजाला जाब विचारण्याचा अधिकार असतो, हे त्या लाटण्यांनी दाखवून दिले.

दहा वर्षांनी त्याच मुंबईवर दुसरे संकट आले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. दत्ता सामंतांचे नेतृत्व, गिरणीमालकांची नीती, सरकारचे धोरण यांची चिकित्सा हा आजचा विषय नव्हे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज पाहायचे आहे ते लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, वरळी येथील दहा बाय बाराच्या खोलीत काय घडले, ते. पगार थांबला. एक महिना गेला, दोन गेले, वर्ष उलटले. संप रीतसर मागे घेतला गेला असेही कधी झाले नाही; तो विरत गेला आणि असंख्य कामगार कामावर परत जाऊच शकले नाहीत.

एवढा काळ ही माणसे जगली कशी? याचे पहिले उत्तर गावात सापडते. गिरणी कामगाराने मुंबईत राहूनही कोकणातील, घाटावरील आपले घर तोडलेले नव्हते. बायका-मुले गावी गेली. खोलीचा खर्च घटला. ज्यांच्या घरी थोडी शेती होती त्यांच्याकडून तांदळाची, नाचणीची पोती एस.टी.च्या टपावरून मुंबईत आली आणि ती एकट्याने खाल्ली गेली नाहीत. दुसरे उत्तर गावकरी मंडळाच्या गाळ्यात मिळते. एका गावची माणसे मिळून एक खोली घेत, भाडे वाटून घेत, पाळीपाळीने झोपत. ट्रंक भिंतीला, वळकटी ट्रंकेवर. मंडळाच्या पेटीत वर्गणी जमे. त्यातून कोणाच्या आजारपणाची, कोणाच्या गावी जाण्याच्या भाड्याची सोय होई. भिशीचेही तसेच. एरवी चिठ्ठी निघेल त्याची रक्कम. अडचणीच्या काळात मात्र ज्याच्या घरी लग्न किंवा दुखणे असेल, त्याच्या नावाने चिठ्ठी न टाकताच ती द्यावी, असा समजूतदारपणा पुष्कळ ठिकाणी असतो.

तिसरे उत्तर खानावळीत आहे आणि ते सर्वांत बोलके आहे. गिरणगावातील खानावळवाली म्हणजे बहुधा गिरणी कामगाराचीच पत्नी किंवा विधवा. स्वतःच्या खोलीत चूल आणि दहा-पंधरा जणांचे डबे. पैसे पगाराच्या दिवशी. ती वाण्याकडून उधारीवर धान्य उचले, वाणी व्याज लावी. पगार थांबला की कामगार तिला पैसे देऊ शकत नसे आणि वाणी तिला सोडत नसे. दोन्हीकडून तीच कात्रीत सापडे. तरी तिने ताट थांबवले नाही. या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेची छोटी कर्जे त्यांच्यापर्यंत पोहोचवली. एकेकीला एकटीने कोणी कर्ज दिले नसते. शेजारणींचा गट करून, एकमेकींची हमी घेऊन ती मिळाली आणि फेडलीही गेली. प्रेमाताई गोवामुक्तीच्या लढ्यातील कार्यकर्त्या, पुढे डाव्या कामगार चळवळीत वावरलेल्या. संस्थेला त्यांनी नाव दिले ते मात्र अन्नपूर्णेचे. याहून नेमका शब्द मराठीत दुसरा सापडलाही नसता.

या साऱ्याचे गोडवे गाताना एक कडू बाजू लपवता कामा नये. शेजाराने जगवले, पण सर्वांना नाही. किती घरांतील पितळी पातेली-घंगाळी मोडीत गेली, किती मंगळसूत्रे पेढीवर गहाण पडली ती सुटली नाहीत, किती मुलींची शाळा थांबली. शेजारी हा शेजारीच असतो. तोही त्याच गिरणीतला, तोही बिनपगारी. सारी चाळ एकाच वेळी बुडू लागली तर एकमेकांचा हात धरून किती काळ तरंगणार? म्हणून शेजारधर्म आहे, तेव्हा शासनाचे काय काम, असे म्हणणारे पांडित्य खोटे आहे. आणि शासन आहे, तेव्हा शेजाऱ्याचे काय काम, असे म्हणणारे त्याहून खोटे आहे.

आता थोडे स्वयंपाकघरात शिरू. कारण काटकसरीवर व्याख्याने पुष्कळ होतात. ती होते मात्र ओट्यापाशी.

जुन्या घरांत उन्हाळा म्हणजे बेगमीचा काळ. कुरडया, सांडगे, पापड, भरल्या मिरच्या. कोकणात आमसुले, आंबोशी, फणसाची पोळी. डाळींना एरंडेलाचा हात, धान्यात कडुनिंबाचा पाला. भाजी महागते ते पावसाळ्याचे दिवस या वाळवणावर निघत. हे काम एकट्या बाईचे कधीच नव्हते. आज एकीच्या गच्चीवर कुरडया, उद्या दुसरीच्या अंगणात पापड. लाटायला दहा हात आणि राखणीला शेजारची पोरे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. त्यातून ‘लिज्जत’चा महाउद्योग उभा राहिला. त्याच्या मुळाशी ही शेजारणींची गच्चीच आहे.

शिळी भाकरी कुस्करून फोडणीला टाकणे, उरल्या भातात पीठ-कांदा कालवून थालीपीठ लावणे, पुरणाच्या डाळीच्या कटाची आमटी करणे, दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीचे देठ आमटीत, भाजी नसली त्या दिवशी पिठले किंवा कुळथाची पिठी. यातील एकही पदार्थ खाताना कोणाला आपण गरिबीचे खात आहोत असे वाटत नाही. उलट शहरातील उपाहारगृहांत आता त्यांचीच ताटे चांगल्या दराने मिळतात! वस्त्रांचेही तेच. मध्ये विरलेले लुगडे कापून, धड बाजू जोडून त्याला दंड घालत. ते आणखी जुने झाले की गोधडी, तीही विरली की पोतेरे. मोठ्याचा सदरा धाकट्याला, मग शेजारच्या बाळाला. बाळाला नवे कापड घालण्याआधी जुन्याचेच झबले घालावे ही रीत पुष्कळ घरांतून होती. नवे कापड टोचते हे त्याचे कारण. दुसऱ्याने वापरलेले आपल्या मुलाला घालण्यात कमीपणा नाही, ही शिकवण मुलाला पाळण्यातच मिळे.

पण येथे थांबून एक प्रश्न विचारावा लागतो. घरात काटकसर होते तेव्हा ती नेमकी कोणाच्या ताटात होते? दूध कमी आले तर आधी कोणाच्या चहातले जाते? सर्वांचे झाल्यावर उरेल ते जेवणारी, शेवटची भाकरी मुलाच्या ताटात सरकवून ताक पिऊन उठणारी गृहिणी आपण आदर्श म्हणून गौरवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत निम्म्याहून अधिक भारतीय स्त्रियांच्या रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन नव्हते, असे आढळले. त्याला कारणे अनेक असतील. शेवटी जेवण्याची रीत त्यांतील एक नाही असे कोण म्हणेल? एकाच व्यक्तीच्या पोटातून काढलेल्या बचतीला काटकसर म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे. १९६५ साली युद्ध आणि धान्यटंचाई एकदम उभी ठाकली तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. घरोघर सोमवारी रात्री चूल पेटली नाही. त्यातील मर्म हे, की त्या रात्री घरातील सर्वांनी सोडले, कर्त्या पुरुषानेही. तंगीच्या काळात सर्वांनी एकत्र बसून जेवावे. ताटे समोरासमोर असली की कोणाच्या ताटात काय कमी आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

आजच्या तंगीचे रूप निराळे आहे. धान्य दुकानात भरपूर आहे. हप्ता डोक्यावर आहे. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, मोबाइलचासुद्धा हप्ता. नोकरी दोन महिने गेली तरी डोलारा डळमळतो. कारण मिळकतीतून आधी हप्ते जातात आणि उरेल त्यात घर चालते. म्हणजे मुठीचे शास्त्र येथेही आहेच. केवळ ती मूठ आपण सावकाराच्या भांड्यात आधी टाकून ठेवली आहे. अशा वेळी पूर्वीचा माणूस शेजाऱ्याकडे गेला असता. आजचा रात्री दार लावून मोबाइलवर चटकन मिळणारे कर्ज घेतो. शेजाऱ्यासमोर लाज वाटते, यंत्रासमोर वाटत नाही. वसुलीवाल्यांचे फोन नातेवाइकांना जाऊ लागतात, तेव्हा ती लाज दसपट होऊन परतते.

२५ मार्च २०२० पासून देश घरात कोंडला गेला, तेव्हा या बंद दारांची परीक्षा झाली. मोलकरीण, रिक्षावाला, वडापावची गाडी लावणारा, शिकवण्या घेणारा शिक्षक, लग्नातले वाजंत्री यांची मिळकत एका रात्रीत थांबली. केंद्राने माणशी पाच किलो मोफत धान्य दिले, राज्यात शिवभोजनाची थाळी पाच रुपयांवर आली, अनेक संस्थांनी शिध्याची पाकिटे वाटली. रांगेत उभे राहू शकणाऱ्यांपर्यंत हे पोहोचले. ज्यांना रांगेत उभे राहता येत नव्हते त्यांचे काय? पिवळी शिधापत्रिका नाही, हात पसरण्याची सवय नाही, घरात दोन खोल्या आणि भिंतीवर मुलाच्या पदवीचा फोटो. या घरांना कोणाच्या यादीत जागा नव्हती. त्यांना ओळखले ते फक्त शेजाऱ्यांनी, आणि तेही जेथे जिन्यात बोलणे-चालणे उरले होते तेथेच. काही सोसायट्यांनी मोलकरणींचा पगार काम नसताना चालू ठेवला, काहींनी तिला फाटकातूनच परत पाठवले. दोन्ही प्रकारची माणसे आपल्यातलीच आहेत.

मदत करताना समोरच्याचे तोंड खाली जाऊ नये, याची जुन्या समाजाने किती बारकाईने व्यवस्था केली होती! शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. घेणारा त्यामुळे नुसता घेणारा राहत नसे. लग्नातील आहेर वहीत लिहून ठेवीत. आज त्याने अकरा दिले, त्याच्या घरच्या कार्यात आपण अकरा द्यायचे. ही बिनव्याजी कर्जाचीच पद्धत, पण नाव आहेराचे. मृत्यू झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठले-भात येतो. तो श्रीमंताच्याही घरी येतो. जे सर्वांच्याच घरी जाते त्याला भीक म्हणता येत नाही. शिधावाटप करून छायाचित्र काढणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे. पिशवी हाती घेतलेल्या माणसाचा चेहरा वृत्तपत्रात छापण्याची काहीच आवश्यकता नसते.

आणि शेजार म्हणजे आपल्या आळीतील, आपल्या आडनावांची चार घरे एवढाच घेतला, तर हा सारा विचार फुकट गेला. पूर्वीच्या शेजारधर्माला जातीचे कुंपण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. वाटी काही उंबरठ्यांपर्यंत जाई आणि काहींच्या अलीकडेच थांबे. साताऱ्याच्या त्या वसतिगृहाचे मोल यासाठी अधिक, की तेथे मुठीने आलेले धान्य कोणत्या घरचे आणि ते कोणत्या मुलाच्या ताटात गेले, हे विचारायला जागाच ठेवली नव्हती.

करायचे ते फार अवघड नाही. पंधरा-वीस घरांनी मिळून एक डबा ठेवावा. रोजची मूठ त्यात पडावी आणि महिन्याच्या अखेरीस दोन जाणत्या भगिनींनी, कोणाला नाव न सांगता, ते धान्य योग्य घरी पोहोचवावे. भिशी चालत असेल तर वर्षातील एक पाळी अडचणीसाठी राखून ठेवावी. नववीपासून पुढची जुनी पुस्तके मे महिन्यातच गोळा करून, कव्हरे घालून, जूनच्या आधी पोहोचवावीत. शाळा सुरू झाल्यावर मिळालेले पुस्तक मुलाने आधी विकत तरी घेतलेले असते, नाहीतर त्यावाचून पंधरा दिवस मागे तरी पडलेले असते. कोपऱ्यावरच्या वाण्याशी बोलून पाहावे. कोणाची उधारी अचानक वाढली आहे, कोणी तेल पाव किलोवर आणले आहे, हे वस्तीत सर्वांत आधी त्याला कळते. तो कोणाचे नाव सांगणार नाही, सांगूही नये; पण त्याच्या वहीतील एखादे खाते परस्पर भागवून टाकायला त्याची ना नसते. खातेदार पुढच्या वेळी येईल तेव्हा ‘मागचे जमा झाले आहेत’ एवढेच त्याने सांगावे.